चार्जरची पिन निघाली की लॅपटॉप जागच्या जागी बंद, बॅटरी मात्र १०० टक्के दाखवते

मोडीवाचक
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. गेले तीन आठवडे या लॅपटॉपनं जीव मेटाकुटीला आणलाय. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

मी वाईजवळच्या एका खेड्यात राहते आणि मोडी कागदांचं देवनागरीत लिप्यंतर करून देते. लोकांच्या घरची खतं, वाटणीपत्रं, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. डाव्या बाजूला कागदाचा फोटो मोठा करून ठेवायचा, उजवीकडे टाइप करत जायचं. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, एका ओढीत सगळी ओळ. त्यामुळे एखादा शब्द अर्ध्या तासानं लागतो आणि तो गेला की पुन्हा तसाच लागेल याची खात्री नसते. लाईट जाते, लॅपटॉप बंद पडतो आणि सेव्ह न झालेल्या आठ-दहा ओळी जातात. आमच्याकडे जरा वारा सुटला तरी लाईट जाते.

लॅपटॉप जून २०२१ मध्ये मुलाच्या ऑनलाइन तासांसाठी घेतला होता. १५.६ इंची, ८ जीबी रॅम, विंडोज ११, चार्जर ६५ वॅटचा. बॅटरी आतली आहे, बाहेरून काढता येत नाही. मुलगा पुण्याला गेल्यापासून तो माझ्या टेबलावर असतो आणि चार्जर कायम लावलेला.

लक्षणं अशी. चार्जर लावून दिवसभर चालतो, काही तक्रार नाही. पिन निघाली किंवा लाईट गेली की त्याच क्षणी पडदा काळा, पंखा बंद. ‘बॅटरी कमी आहे’ अशी सूचना येत नाही, बंद होतानाची नेहमीची निळी पाटीही नाही. पुन्हा चार्जर लावून चालू केला की बॅटरी ९९ नाहीतर १०० टक्के. चार्जर न लावता बटण दाबलं तर दिवा लागतो, कंपनीचा लोगो येतो आणि खालचं चक्र फिरायला लागलं की बंद.

भाच्याचा त्याच कंपनीचा चार्जर लावून पाहिला, फरक नाही. सगळे अपडेट करून झाले. चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरायला कुणी सांगितलं, तेही केलं. तालुक्याच्या दुकानात दाखवला तर ते म्हणाले, बॅटरी शंभर दाखवतेय म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, आतला मुख्य बोर्ड गेलाय, साडेसहा हजार लागतील आणि दहा दिवस ठेवावा लागेल. साडेसहा हजार माझ्यासाठी लहान रक्कम नाही. हातात दोन घरांचं काम आहे, ते दहा दिवस थांबवणंही जड आहे. खरंच बोर्ड असेल का?

आणखी एक, याच्याशी संबंध असेल-नसेल. दिवाळीपासून टचपॅडची डावी बाजू नीट दाबली जात नाही. धूळ गेली असेल म्हणून मी माउस वापरते.


रात्रपाळी
सोमवार, रात्री १०:२५

ताई, माझ्या लॅपटॉपचा खरोखरच बोर्ड होता, म्हणून दोन्हीतला फरक सांगतो. चार्जर निघाला की वीज बॅटरीकडून घ्यायची, हे काम बोर्डावरची चार्जिंग आयसी (चिप) आणि तिच्या ताब्यातले दोन-तीन मॉसफेट, म्हणजे विजेचे छोटे स्विच, करतात. रेल्वेच्या सांध्यासारखं समजा. माझ्यात त्यातला एक मॉसफेट उडाला होता. बॅटरी नवी टाकली तरी तेच. पण माझ्याकडे चार्जरशिवाय बटण दाबलं तर एक दिवासुद्धा लागायचा नाही. तुमच्याकडे लोगो येतो, म्हणजे बॅटरीतली वीज त्या सांध्यातून पलीकडे पोचतेय. मला तरी हा बोर्ड वाटत नाही. घाईनं पैसे देऊ नका.


हार्डवेअरची_हौस
सोमवार, रात्री ११:०५

वरच्यांशी सहमत. तीन फुकटच्या गोष्टी करून बघा आणि इथे लिहा.

कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. तिरक्या रेघेच्या आधी एक जागा सोडायची. तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये एक फाइल तयार होईल, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे बॅटरी कारखान्यातून निघाली तेव्हाची क्षमता आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता पूर्ण भरल्यावरची. दोन्ही आकडे द्या.

मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सिस्टिमच्या नोंदी बघा. लॅपटॉप बंद पडून पुन्हा सुरू झाला त्या वेळी ‘कर्नेल-पॉवर’ आणि ४१ हा क्रमांक दिसतो का? ४१ म्हणजे आधीच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं, वीज तुटली किंवा यंत्र मधेच अडकलं.

तिसरं महत्त्वाचं. लॅपटॉप बंद करा, चार्जर लावून सुरू करताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा (बहुतेक ठिकाणी एफ २ किंवा एफ १०) आणि तिथे असताना चार्जर काढा. विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं. तिथे टिकतो का आणि किती वेळ?


मोडीवाचक
मंगळवार, दुपारी ३:१०

केलं सगळं. उत्तर मात्र मला आणखी गोंधळात टाकणारं आलं.

रिपोर्टमध्ये डिझाइन कपॅसिटी ४१,०४० मिलिवॅट-तास आणि फुल चार्ज ३८,२७०. सायकल काउंट, म्हणजे बॅटरी एकूण किती वेळा पूर्ण वापरून झाली ते, ६१. म्हणजे बॅटरी जवळपास नवीच की! दुकानदाराचंच बरोबर का मग?

कर्नेल-पॉवर ४१ भरपूर आहेत. मी वहीत लाईट गेल्याच्या वेळा लिहिते, कारण त्या वेळी काय काय गेलं ते नंतर भरून काढायचं असतं. ताडून पाहिल्या तर प्रत्येक नोंद त्या वेळांच्या पाठोपाठ, लॅपटॉप पुन्हा चालू केला तेव्हाची आहे.

बायॉसमध्ये चार्जर काढला आणि लॅपटॉप चालू राहिला! अकरा मिनिटं मी घड्याळ लावून बसले होते, मग मीच पिन लावली. नंतर विंडोजमध्ये सगळ्या खिडक्या बंद केल्या, पडद्याचा उजेड अगदी कमी केला आणि पिन काढली, तर चाळीस सेकंद टिकला. मोडीचा फोटो आणि वर्ड उघडून पिन काढली की लगेच गेला.


कोल्हापुरी_सोल्डर
मंगळवार, सायंकाळी ७:५०

ताई, आधी एक काम करा, बाकीचं मग वाचा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, झाकण मिटून सपाट टेबलावर ठेवा आणि डोळ्यांच्या रेषेत आणून बाजूनं बघा. टचपॅडपाशी वर आलाय का? खालचं कव्हर मधे फुगून लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो का? टचपॅडची डावी बाजू दाबली जात नाही हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. माझ्या दृष्टीनं तीच पहिली ओळ आहे. टचपॅडच्या खालीच बॅटरी असते. तो दाबला जात नाही, याचं एक कारण धूळ आणि दुसरं म्हणजे खालून बॅटरीनं त्याला वर ढकललंय. फुगली असेल तर आता कुठलीही चाचणी करायची नाही आणि रात्रभर चार्जिंगला तर मुळीच ठेवायची नाही.

आता तुमच्या गोंधळाचं. मी एकोणीस वर्षं बेंचवर बसतोय, आणि ‘शंभर टक्के दाखवते म्हणजे बॅटरी चांगली’ हे वाक्य मी गिऱ्हाइकांकडूनही ऐकलंय आणि कारागिरांकडूनही. टक्का म्हणजे बॅटरीनं मोजलेली वस्तू नाही, तो अंदाज आहे. बॅटरीच्या आत एक छोटं सर्किट असतं. किती वीज आत गेली, किती बाहेर आली याचा ते हिशेब ठेवतं आणि त्यावरून टक्का सांगतं. पूर्ण क्षमता किती उरलीय हे त्याला कळतं ते बॅटरी पूर्ण भरून बरीचशी रिकामी होते तेव्हा. तुमची बॅटरी वर्षानुवर्षं चार्जरवर. ६१ सायकल याचा अर्थ ती जवळपास कधी वापरलीच गेली नाही. मग त्या सर्किटला नवा धडा कुठून मिळणार? ते जुनाच ३८ हजारांचा आकडा सांगत बसलंय. न वापरलेली बॅटरी म्हातारी होत नाही असं नाही, ताई. कायम शंभर टक्क्यांवर आणि लॅपटॉपच्या उबेत राहिलेली बॅटरी वापराविनाच म्हातारी होते.

आणि म्हातारपण दोन तऱ्हेचं असतं. एकात साठा कमी होतो, बॅकअप तीन तासांचा एक तासावर येतो. ते सगळ्यांना कळतं. दुसऱ्यात साठा असतो, पण बॅटरीचा आतला रोध वाढतो. घागरीत पाणी आहे, तोंड मात्र बुजत आलंय. थेंब थेंब मागा, देईल. एकदम तांब्याभर मागा, जमणार नाही.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. तुमची बॅटरी ११.४ व्होल्टची असणार, ३.८ चे तीन सेल एकापुढे एक. मोठा फोटो, वर्ड, उजळ पडदा मिळून लॅपटॉप क्षणभर ३० वॅट मागत असेल तर ३० भागिले ११.४, म्हणजे साधारण २.६ अँपिअर. समजा तिघांतल्या एका सेलचा रोध वाढून ०.६ ओहम झालाय. २.६ गुणिले ०.६, दीड व्होल्टपेक्षा जास्त त्या एकाच सेलमध्ये पडतात. भरलेला असताना तो ४.३ च्या आसपास असतो, ताण आल्यावर २.७ वर येतो. सेल ३ च्या खाली उतरू लागला की आतलं सर्किट त्याच्या बचावासाठी बॅटरीचं तोंडच बंद करतं. म्हणून सूचना नाही, पाटी नाही, थेट काळोख. विंडोजला टक्का ९९ दिसत असतो, त्याला सूचना द्यायचं कारणच नसतं. तेच बायॉसमध्ये समजा १० वॅट लागले तर ०.९ अँपिअर, अर्धा व्होल्ट पडतो, सेल ३.७ वर राहतो. अकरा मिनिटं सुखानं चालतं. बायॉसमध्ये लॅपटॉप झोपलेला नसतो, पण फोटो उघडला, वर्ड सुरू झालं असे झटके तिथे बसत नाहीत. तुमची चाळीस सेकंदं मधल्या ओझ्याची.

बोर्डाचा सांधा तुटलेला असता तर बायॉसमध्येही क्षणात गेला असता. तुमची अकरा मिनिटं म्हणजे बोर्ड चांगला असल्याची साक्ष आहे. तुम्ही घड्याळ लावून बसलात, ते फार बरं केलंत.


हार्डवेअरची_हौस
मंगळवार, रात्री ८:२०

दादा, टचपॅडचं माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं. मी त्यांना चाचण्या करायला सांगितल्या, त्याआधी हे विचारायला हवं होतं. ताई, माफ करा.


मोडीवाचक
मंगळवार, रात्री ९:१५

बाजूनं पाहिला. टचपॅडची डावी कड तांदळाच्या दाण्याएवढी वर आलीय आणि लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय. दोन वर्षं मी याच्यासमोर रोज सहा-सात तास बसते आणि हे दिसलं नाही. टेबलावर कागदांचे गठ्ठे आहेत, त्यात लोकांनी विश्वासानं दिलेले मूळ कागदही आहेत. ते आत्ताच कपाटात ठेवले. लॅपटॉप बंद करून ओट्यावर, फरशीवर ठेवलाय. आता पुढं काय करू? मी स्वतः उघडू का?


कोल्हापुरी_सोल्डर
मंगळवार, रात्री ९:४०

कागद हलवलेत ते पहिल्या प्रतीचं काम. घाबरू नका. फुगलेली बॅटरी म्हणजे लगेच पेटणारी बॅटरी नव्हे. आतलं द्रावण विघटन पावून वायू झालेला असतो आणि पिशवीसारख्या सेलमध्ये तो साठतो. ती दाबली, वाकवली, टोचली गेली की धोका. म्हणून टचपॅड दाबून ‘बसवायचा’ प्रयत्न करू नका, मिटलेल्या लॅपटॉपवर वजन ठेवू नका आणि उद्या एसटीनं नेताना तो गर्दीत चेंगरणार नाही असा धरा.

स्वतः उघडायचं नाही. स्क्रू काढणं अवघड नसतं, पण कव्हर फुगवट्यानं ताणलेलं असतं आणि उचकटताना स्क्रूड्रायव्हरचं टोक सेलमध्ये घुसतं. असल्या बॅटऱ्या काही मॉडेलमध्ये चिकटपट्टीनं बसवलेल्या असतात, तिथे तर सराव लागतोच. कुठल्याही दुकानात जा आणि एवढंच सांगा, ‘खालचं कव्हर उघडून बॅटरी दाखवा आणि माझ्यासमोर सोडवून द्या.’ तुम्ही समोर उभ्या राहा. बोर्डाचं नाव काढू नका. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

बॅटरी काढल्यावर तुमचा लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालायला हवा, बहुतेक चालतात. काही जरा हळू चालतात, कारण अचानक जास्त वीज लागली तर हात द्यायला बॅटरी नसते. तोवर एखाद्याकडून कॉम्प्युटरचा यूपीएस मागून घ्या. ६०० व्हीएचा साधा यूपीएस, आतली बॅटरी बरी असेल तर तुमचा लॅपटॉप अर्धा-पाऊण तास सहज ओढेल. वर्डमध्ये ऑटोरिकव्हर (आपोआप मधेमधे प्रत ठेवणं) मुळात दर १० मिनिटांनी असतं, ते १ मिनिटावर आणा. हे तर आजच करण्यासारखं होतं, पण आज लॅपटॉप चालू करू नका.


रात्रपाळी
बुधवार, सकाळी ७:०५

आमच्या गल्लीत एकानं फुगलेली मोबाइलची बॅटरी कचऱ्यात टाकली होती. घंटागाडीत कचरा दाबताना धूर निघाला. ताई, जुनी बॅटरी दुकानात सोडून येताना ते तिचं काय करणार हे विचारा.


मोडीवाचक
बुधवार, सायंकाळी ६:३०

साताऱ्याला जाऊन आले. दुकानातल्या मुलानं कव्हर उघडलं. तीन चपटे सेल शेजारी शेजारी, उजवे दोन सपाट आणि डावा उशीसारखा फुगलेला. कोल्हापूरच्या दादांनी एका सेलबद्दल लिहिलं होतं आणि बरोबर एकच निघाला. त्या मुलानं मल्टिमीटर लावला तर बाहेरून व्होल्टेज १२.७ आलं, अगदी व्यवस्थित. तो म्हणाला, ओझं नसताना मोजलं की ही फसवते. मला तुमचा सगळा हिशेब आठवला.

बॅटरी काढून दिली. लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालू झाला. टचपॅड आपोआप खाली बसला आणि डावी बाजू पुन्हा टकटक वाजते. भाच्याचा यूपीएस आणलाय.

नवी बॅटरी दोन प्रकारची सांगितली, कंपनीची ३,४०० आणि दुसरी १,७०० रुपये. दुसरीवर कुणाचंच नाव नाही. काय बघून घेऊ?


कोल्हापुरी_सोल्डर
बुधवार, रात्री ८:४५

जुन्या बॅटरीच्या पाठीवर पार्ट नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. तो अक्षरानं अक्षर जुळला पाहिजे, त्याखालोखाल व्होल्ट. ११.४ च्या जागी १५.२ ची चालत नाही, आकार सारखा दिसला तरी. वॅट-तास थोडे इकडे-तिकडे चालतील.

मग शिक्का बघा. आपल्याकडे अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. पाठीवर आयएस १६०४६ असं लिहिलेलं असतं आणि आर अक्षरानं सुरू होणारा आठ आकडी क्रमांक. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कुणाची नोंदणी आहे ते दिसतं. १,७०० वालीवर हा क्रमांक नसेल किंवा ॲपमध्ये भलत्याच वस्तूचा निघाला, तर स्वस्त असली तरी घेऊ नका. ती तुमच्या टेबलावर कागदांशेजारी राहणार आहे. क्रमांक खरा असेल तर दुसऱ्या कंपनीची असल्याबद्दल माझी हरकत नाही, मी स्वतः बसवतो. बनावटीची तारीखही विचारा. दोन-तीन वर्षं दुकानात पडून असलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते.

बसवल्यावर पहिल्यांदा पूर्ण भरा, मग चार्जर काढून काम करत १०-१५ टक्क्यांपर्यंत उतरवा, पुन्हा भरा. त्यानं आतल्या सर्किटला खरी क्षमता कळते. त्यानंतर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायॉसमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती लावून टाका. तुमच्यासारखा कायम टेबलावरचा वापर असेल तर ही एक गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा मोलाची.

जुनीबद्दल वरच्या भाऊंनी बरोबर लिहिलंय. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. तोवर दोन्ही टोकांच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून, उन्हापासून दूर, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून ठेवायला दुकानदाराला सांगा.


मोडीवाचक
पुढच्या आठवड्यातला शनिवार, दुपारी ४:५०

कंपनीचीच घेतली. आर क्रमांक ॲपमध्ये टाकला, नाव जुळलं. बनावटीची तारीख चार महिन्यांपूर्वीची. बसवणावळ धरून ३,७०० झाले. जुनी बॅटरी त्याच दुकानातून सर्व्हिस सेंटरकडे गेली, मी पावती मागून घेतली.

बसवल्यावर सर्वांत आधी बायॉसमध्ये पिन काढली, मग विंडोजमध्ये, मग मोडीचा सर्वांत जड फोटो उघडून. चालू राहिला. १२ टक्क्यांपर्यंत उतरवली, पुन्हा भरली आणि आता ८० वर थांबवलीय. तालुक्याच्या दुकानात जाऊन त्यांनाही बायॉसची चाचणी सांगून आले. त्यांनी वहीत लिहून घेतली.

गुरुवारी दुपारी दोनला लाईट गेली ती चारला आली. मी एका वाटणीपत्रावर होते. मागच्या महिन्यात त्यातला एक शब्द मोठ्या कष्टानं लागला होता आणि लाईट जाऊन गेला होता. नंतर मी तिथे प्रश्नचिन्ह घालून पुढं गेले होते. गुरुवारी तो पुन्हा लागला. ‘तक्षीम’ आहे, म्हणजे हिस्सा. त्यावरून पुढच्या तीन ओळींत कुणाला किती जमीन गेली ते उलगडलं. लाईट आली तेव्हा बॅटरी ३१ टक्के होती.